दत्त म्हणजे दिलेला, आत्रेय म्हणजे घरचा

आजचं वाचन : श्रीगुरुचरित्र, अध्याय चौथा



मार्गशीर्ष सुरू आहे, दत्तजयंती जवळ आली आहे. तुमच्यापैकी काही जणांच्या घरी सप्ताह बसला असेल. सात दिवसांच्या पारायणात चौथा अध्याय पहिल्याच दिवशी येतो. पहिल्या दिवशी पाय अवघडलेले असतात, लय लागलेली नसते आणि साडेनऊचा स्टँडअप कॉल डोक्यात असतो. त्यामुळे हा अध्याय वाचून होतो, पण त्याच्याजवळ थांबणं होत नाही. आज फक्त याच अध्यायाजवळ थांबू या.

गोष्ट माहीत आहे, तरी एकदा नीट मांडतो. अनसूयेची कीर्ती देवलोकात पोहोचते. तिची परीक्षा घ्यायला ब्रह्मा, विष्णू आणि महेश अतिथी होऊन भर दुपारी आश्रमात येतात. अत्री ऋषी अनुष्ठानाला गेलेले असतात. अतिथींना भूक लागली आहे, पण त्यांची अट अशी की वस्त्राविना वाढावं. ही अट वाचताना आजच्या वाचकाला अवघडायला होतं. अनसूयेलाही ती सोपी गेलेली नाही. हे कुणी साधे अतिथी नाहीत हे ती ओळखते, अतिथीला विन्मुख पाठवायचं नाही हे ठरवते, पतीचं स्मरण करते आणि वाढायला येते. तोवर तिघे तान्ही बाळं झालेले असतात. ती त्यांना उचलते, पाजते, पाळण्यात घालते, गाणं म्हणते. अत्री परत येतात आणि हे कोण आहेत ते अंतर्दृष्टीने ओळखतात. देव मूळ रूपात प्रकट होऊन वर माग म्हणतात. नवराबायको एवढंच मागतात, की ही बाळं आमच्याकडेच राहू देत. पुढे चंद्र आणि दुर्वास निरोप घेऊन जातात. आईबापाजवळ राहतो तो दत्त.

क्रम बघा

प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाचं लक्ष आधी क्रमाकडे जातं. आपल्या डोक्यातला क्रम असा असतो : वर मागा, मूल मिळेल, मग त्याला वाढवा. या अध्यायात आधी भूक दारात उभी राहते. मग दूध, मग पाळणा, मग गाणं. वर सगळ्यात शेवटी येतो, आणि त्यातही नवीन काहीच मागितलेलं नाही. जे मांडीवर आहे ते मांडीवर राहू दे, एवढंच.

दुसरं, देव कोणत्या रूपात आले ते बघा. सृष्टी निर्माण करणाऱ्याला मान धरता येत नाही. पालन करणाऱ्याला कुणीतरी पाजावं लागतं. अनसूया त्यांना पुन्हा देव करायच्या खटपटीला लागत नाही. समोर बाळ आहे, तर बाळाला जे लागतं ते ती देते. पुढचं सगळं लिहिताना हे एक वाक्य माझ्या मनात आहे.

नावाची फोड

‘दत्तात्रेय’ या नावात दोन शब्द आहेत. दत्त म्हणजे दिलेला. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात याचं कारण सांगितलं आहे : अत्रींनी अपत्य मागितलं तेव्हा भगवंतांनी स्वतःलाच देऊन टाकलं, म्हणून दत्त. आणि आत्रेय म्हणजे अत्रींचा, त्या घरचा. दिलेला आहे आणि घरचाही आहे. एकामुळे दुसरं कमी होत नाही.

आपला ‘दत्तक’ हा शब्द याच ‘दत्त’वरून आलेला. पण मराठी कानाला दत्तक म्हटलं की गादी आठवते. १८७५ मध्ये नाशिक भागातल्या कवळाण्याचा एक मुलगा बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १८८४ मध्ये कागलकर घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. दोन्ही दत्तकांनी महाराष्ट्राचं आणि गुजरातचं भलं केलं यात शंका नाही. पण दत्तक घेण्याचं कारण एकच होतं, गादीला वारस हवा. म्हणून मुलगाच, म्हणून धडधाकट. मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग सर्व हिंदूंसाठी कायद्याने खुला झाला तो १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने. माझे बाबा त्याआधी जन्मले आहेत. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही.

महाभारतात कर्णाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला खरं सांगतात, की तू कुंतीचा मुलगा आहेस, राज्य तुझं आहे. कर्ण नाही म्हणतो. मला बघून राधेला पान्हा फुटला, माझं हगणंमुतणं तिने काढलं, तिला मी नाकारू कसा, असं त्याचं म्हणणं आहे. जन्माचं सत्य कळल्यावरही तो राधेय राहतो. दत्तकाविषयी आपल्या ग्रंथांत याहून स्पष्ट बोललेलं मला तरी माहीत नाही.

आमच्या घरी हा अध्याय

आता आमच्याबद्दल. माझ्या मुलीचं नाव, ती कुठून आली, तिच्या जन्माची हकीकत यातलं काही मी इथे लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे, मोठी झाल्यावर कुणाला सांगायची ते तिने ठरवावं. मी आमच्या निर्णयापुरतं लिहितो.

आम्ही पुण्यात राहतो, दोघंही आयटीत. आम्हाला एक मुलगा आहे, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे लग्नाआधीच आमचं ठरलं होतं. २०२१ मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नाव नोंदवलं. सर्वसाधारण यादीत लहान बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी वेगळी असते. तिथे उलट आहे. तिथे मुलं थांबलेली असतात.

त्या यादीत आम्ही तिला पाहिलं. वय दोन वर्षं. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सोबत बेरा टेस्टचा रिपोर्ट, म्हणजे आवाज दिल्यावर कानाकडून मेंदूकडे संदेश जातो का ते मोजणारी तपासणी. आलेख सपाट होता. एमआरआय झालेला नव्हता, त्यामुळे कानाची नस कशी आहे, कॉक्लिअर इम्प्लांट करता येईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी इंजिनिअर आहे, मी एक्सेल शीट उघडली. एका रकान्यात धोका, दुसऱ्यात शक्यता, तिसऱ्यात खर्च. बायकोने ती पूर्ण वाचली आणि विचारलं, “अरे, आपल्या मुलाच्या वेळी मी सात महिन्यांची असताना तू अशी शीट केली होतीस का?” मग थोडं थांबून तिनेच पुढचं विचारलं, “आणि इम्प्लांट झालंच नाही तर? तेव्हाही ती आपली ना? याचं उत्तर आत्ता दे. नंतर नको.”

खरा प्रश्न हाच होता. इम्प्लांट होईल या भरवशावर हो म्हणणं म्हणजे बरी झालेली मुलगी घ्यायला तयार असणं. समोर होती ती मुलगी नव्हे.

आमच्याकडे दर मार्गशीर्षात पारायण असतं. त्या वर्षी ते नेमकं याच दिवसांत आलं. लोक विचारतात, दृष्टांत झाला का, वाडीला जाऊन कौल लावला का? असं काही झालं नाही. स्वप्न पडलं नाही, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. पहिल्या दिवशी पहाटे चौथा अध्याय वाचला आणि माझ्या डोक्यातला प्रश्न बदलला. तोवर प्रश्न होता, ‘आपल्याला हे झेपेल का?’ वाचून उठलो तेव्हा प्रश्न होता, ‘या मुलीला काय लागतं, आणि त्यातलं आपल्याकडे काय आहे?’

पहिल्या प्रश्नाला आम्हाला उत्तर सापडत नव्हतं, आणि ते कुणालाच सापडत नाही. दुसऱ्याची यादी करता आली. तिला डोळ्यांनी समजणारी भाषा लागेल : आम्हाला येत नाही, शिकता येईल. घरी एक मोठं माणूस लागेल : बायको वर्षभर अर्धवेळ काम करू शकते. थेरपी लागेल : घरापासून पाऊण तासावर आहे. पैसे लागतील : फ्लॅटचा ईएमआय आहे, गाडी बदलायचं पुढे ढकलता येईल. भाऊ लागेल : आहे.

श्रद्धेने यातली एकही रक्कम कमी केली नाही. पण समोरच्या बाळाकडे कुठून बघायचं ते तिने दाखवलं.

विरोध, आणि त्यातलं खरं

आई मिरजेला असते. तिचं पहिलं वाक्य होतं, “मुलगा असताना दत्तक कशाला?” बघा, गादी कशी बोलते. दुसरं होतं, “घ्यायचंच तर धडधाकट घ्या.” तिसरं मात्र मी आजही बाजूला ठेवू शकत नाही : “मी आज आहे उद्या नाही. तुमच्यामागे तिचं कोण?”

ही काळजी खरी आहे आणि तिला ‘देव आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. आमच्या ऑफिसात एक कर्णबधिर टेस्टर आहे. मी त्याला चॅटवर विचारलं, लहानपणी घरी तुला सगळ्यात जास्त काय खुपलं? मला वाटलं शाळेबद्दल लिहील. त्याने लिहिलं, “जेवताना सगळे हसायचे. काय झालं विचारलं की म्हणायचे, नंतर सांगतो. ते नंतर कधीच आलं नाही.”

ते वाचून मला कळलं, की आईच्या प्रश्नाच्या आत अजून एक प्रश्न आहे. आमच्यामागे तिचं कोण, हे पुढचं झालं. आमच्या देखत, आमच्याच ताटाशेजारी बसून ती एकटी पडणार नाही ना? एकटं राहणारा, नोकरी करणारा, स्वतःचं घर चालवणारा कर्णबधिर माणूस माझ्या शेजारच्या डेस्कवर होता. त्याला जे कमी पडलं होतं ते घरात कमी पडलं होतं. मी आईला त्याच्याबद्दल सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. बाबा एवढंच म्हणाले, “हातांची ती भाषा म्हातारपणी शिकता येते का रे?”

समाजसेविका ताई घर बघायला आल्या होत्या. देवघर पाहून त्यांनी थेट विचारलं, “देवासाठी घेताय का?” मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “श्रद्धा चांगली आहे हो. पण मूल नवसाचं नको. नवस फेडला की माणूस मोकळा होतो.” नंतर त्यांनी आमच्या मुलाला वेगळं बसवून त्याच्याशी बोलणं केलं. त्याने काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

आम्ही हो म्हटलं. ती घरी आली तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती.

पाळण्यानंतरचं

पोथीत पाळणा एका ओवीत हलतो, घरात त्याला महिने लागतात. ती मुठीत बिस्किट धरून झोपायची. सकाळी ते चुरगळलेलं असायचं, काढून घेतलं तर आकांत. कोणतीच भाषा नसलेलं अडीच वर्षांचं मूल ‘हे नको’ कसं सांगणार? चावून. मुलाच्या दंडावर वळ असायचे. रात्री दिवा घालवला की ती किंचाळायची. अंधारात आपण एकमेकांना हाक मारू शकतो. तिच्यासाठी दिवा गेला की सगळं जग जात होतं. हे एका थेरपिस्टने समजावलं, तेव्हापासून आमच्याकडे रात्रभर मंद दिवा असतो. आई त्याला नंदादीप म्हणते.

आईचीच एक गोष्ट सांगतो. ती पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिला एकच चिंता होती : अनसूयेने पाळण्याशी गाणं म्हटलं, मी हिला काय म्हणू? हिला तर ऐकू येत नाही. तरी सवयीने तिने मांडीवर घेऊन गुणगुणायला सुरुवात केली. पोरीने हात वर नेला आणि आजीच्या गळ्यावर ठेवला. तिथे काहीतरी थरथरत होतं. आई थांबली की ही गळा चाचपायची, पुन्हा सुरू कर म्हणून. त्या दिवसापासून आईने ‘दत्तक कशाला’ हा विषय काढलेला नाही.

एमआरआय ती घरी आल्यावर झाला. एका बाजूची नस फार बारीक होती, तिथे इम्प्लांट शक्य नव्हतं. दुसऱ्या बाजूला ते तिसऱ्या वर्षी केलं. कानामागे एक प्रोसेसर असतो, तो आवाजाचे विद्युतसंदेश करतो, चुंबकाने चिकटलेली कॉइल ते त्वचेपलीकडे पाठवते आणि आत बसवलेले इलेक्ट्रोड थेट नसेला उद्दीपित करतात. यात कान बरा होत नाही. रात्री प्रोसेसर काढला की ती पूर्वीइतकीच कर्णबधिर असते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी तो चालू करतात, मग पुन्हा पुन्हा मॅपिंग, आणि वर्षानुवर्षं थेरपी. कारण येणाऱ्या आवाजाचा अर्थ मेंदूला शून्यापासून शिकावा लागतो. आज ती पाच वर्षांची आहे. बोललेले शब्द मोजके आहेत, तेही घरच्यांनाच कळतात. हातांनी मात्र ती अखंड बडबडते. चमत्काराची वाट बघणाऱ्या नातेवाइकांना हे कमी वाटतं. आम्ही उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं, म्हणून आम्हाला वाटत नाही.

जेवणाच्या टेबलाचा नियम मात्र पक्का आहे : कुणी हसलं, तर का हसलं ते लगेच हातांनी सांगायचं. ‘नंतर’ हा शब्द बंद. बाबासुद्धा चुकतमाकत सांगतात. त्यांचा विनोद संपेपर्यंत जेवण गार होतं.

“मागच्या जन्मीचं काहीतरी असेल”

हे वाक्य आम्ही खूप ऐकलं. कधी तिच्याबद्दल, कधी आमच्याबद्दल. भक्तांच्या तोंडून येतं म्हणून याच्यावर बोलणं मला गरजेचं वाटतं.

कर्मसिद्धांत मी मानतो. पण गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतच बजावतात, की कर्माचा थांग लागणं अवघड आहे. ज्याचा थांग शहाण्यांना लागत नाही, तो आपण दोन वर्षांच्या पोरीकडे बघून पाच सेकंदांत लावतो? कर्माचा विचार आपण काय करावं हे ठरवण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या कानावर निकाल देण्यासाठी तो वापरला की त्याचं शास्त्र उरत नाही, कुजबूज होते.

अष्टावक्राची गोष्ट आठवा. अंगाला आठ ठिकाणी बाक. जनकाच्या सभेत त्याला बघून पंडित हसले. ज्यांना ग्रंथ तोंडपाठ होते तेच हसले. आणि जनकाने ज्ञान कुणाकडून घेतलं, तर अष्टावक्राकडून.

“फार पुण्याचं काम केलंत”

हे दुसरं वाक्य, आणि हे प्रेमाने येतं म्हणून जास्त अवघड. मी नमस्कार करून विषय बदलतो. पण इथे मोकळेपणाने लिहितो.

हे वाक्य ती बघते. ओठांवरून तिला आता पुष्कळ कळायला लागलं आहे. आपल्या भावाला कुणी असं म्हणत नाही आणि आपल्या वेळी मात्र आईबाबांना शाबासकी मिळते, हे एक दिवस तिच्या ध्यानात येईल. पुण्य ज्याला मिळतं तो देणारा असतो, आणि उरलेला घेणारा. मग ‘दत्त’ राहतो आणि ‘आत्रेय’ गळून पडतं. अनसूयेला तिन्ही देव सापडले, पण पाजताना तिने हिशेब ठेवला नव्हता. समाजसेविका ताईंचं नवसाबद्दलचं वाक्य मला म्हणूनच शास्त्रवचनाइतकं मोलाचं वाटतं.

श्रवणभक्तीचं काय?

प्रल्हादाने सांगितलेल्या नऊ भक्तींत पहिली आहे श्रवण. नामही कानानेच आत जातं असं आपण मानतो. मग माझ्या मुलीची भक्ती पहिल्याच पायरीवर अडली का? हा प्रश्न मला अनेक रात्री पडायचा.

उत्तर तिनेच हळूहळू दिलं. आमच्या घरच्या खुणांत दत्त म्हणजे वर केलेली तीन बोटं. विठ्ठल म्हणजे दोन्ही हात कमरेवर. ही खूण तिने स्वतः काढली, देवघरातली मूर्ती बघून. पालखी पुण्यात आली तेव्हा आम्ही तिला घेऊन गेलो. एका वारकरीबाबांनी वाजवता वाजवता तिचा तळहात पखवाजाच्या अंगावर टेकवू दिला. ती बराच वेळ हलली नाही. मग हात काढून कमरेवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

मला तेव्हा वाटलं, की श्रवण म्हणजे आत येऊ देणं. ते कानाने होतं, तळहाताने होतं, आजीच्या गळ्यावरून होतं. आणि जो देव स्वतः युगानुयुगं एक शब्द न बोलता उभा आहे, त्याला तिची भाषा कळायला काय अडचण असणार?

ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांच्यासाठी

काही जण मेसेज करून विचारतात, म्हणून थोडक्यात.

नाथांची गोष्ट आठवते ना? पैठणला गोदेच्या तापलेल्या वाळवंटात एक पोर रडत होतं. नाथांनी जात न विचारता त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोहोचवलं. स्वतः नाथ लहानपणीच आईबापांना मुकलेले, आजोबांनी वाढवलेले. त्या गोष्टीत मूल त्याच्या आईकडे परत जातं, हे विसरू नका. कायद्याचाही क्रम तोच आहे. सापडलेल्या मुलाच्या आईवडिलांचा आधी शोध घेतला जातो. आईवडिलांनी स्वतः सोपवलेलं असेल तर त्यांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्यानंतरच बालकल्याण समिती मुलाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. म्हणून कुणी ओळखीने बाळ देतो म्हणालं तर तिथून उठा. नोंदणी, गृहभेटीचा अहवाल आणि मान्यताप्राप्त संस्था, हाच रस्ता आहे.

जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं स्थिर असावं लागतं. पालक आणि मूल यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचं अंतर लागतं. दोन किंवा अधिक मुलं असतील, तर २०२२ च्या नियमावलीनुसार विशेष गरजा असलेल्या किंवा सहज घर न मिळणाऱ्या मुलांसाठीच विचार होतो. मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्याची धास्ती घेऊ नका, आम्हाला त्या भेटींचा आधारच वाटला.

वैद्यकीय अहवाल तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यात काय *नाही* ते विचारा. ऐकण्याच्या बाबतीत वेळ महत्त्वाचा असतो. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांना केंद्राच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून इम्प्लांटसाठी मदत मिळते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश ऑनलाइन मोफत आहे, आम्ही आजही तो रोज उघडतो. एका शाळेने आम्हाला ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचून ठेवल्याचा उपयोग झाला. पोथीसारखा तोही वाचा.

आणि एक. नाही म्हणणं हेही उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नाची यादी प्रामाणिकपणे केल्यावर ‘यातलं आमच्याकडे नाही’ असं निघालं, तर देव रागावत नाही. अर्ध्या मनाने घेतलेलं मूल जास्त सोसतं.

आजचं चिंतन

चौथा अध्याय पुन्हा वाचा आणि आज दिवसभर हे तीन प्रश्न सोबत ठेवा.

१. माझ्या दारात आज कोणती गरज उभी आहे, जिच्याकडे मी ‘मला झेपेल का’ याच चष्म्यातून बघतो आहे?

२. माझ्या घरात, टीममध्ये, मित्रांत असं कोण आहे ज्याला आपण नेहमी ‘नंतर सांगतो’ म्हणतो?

३. मी दिलेल्या कोणत्या गोष्टीचा हिशेब मी अजून मनात धरून ठेवला आहे?

प्रार्थना

दत्तगुरो, तू स्वतःला देऊन टाकलंस आणि दिल्यावर त्या घरचा झालास. आमच्या दारात जे येईल त्याची भूक आम्हाला दिसू दे. ते जसं आहे तसं उचलून घेण्याचं बळ दे, आणि पुण्याचा विचार मनातून काढून टाक. ज्या मुलांची यादी अजून थांबलेली आहे, त्यांच्यासाठी घरांची दारं उघड. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलायला आमच्या हातांना शिकव.

श्री गुरुदेव दत्त.